श्रीमती ह

"मॅडम, श्रीमती ह यांची मुलगी म्हणजे मी," असं म्हणून ती मुलगी समोरच्या खुर्चीत बसली आणि डॉ. विनया तासगावकर यांच्या हातातला पेपर तपासायचा लाल पेन मध्येच थांबला.

मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची होती. सातवा महिना असावा. पहाटेच्या गाडीनं सांगलीहून निघून ती पुण्यात आली होती आणि संस्थेच्या दारात पहारेकऱ्याशी अर्धा तास हुज्जत घालून वर पोचली होती. नाव मैथिली. भूमापन कार्यालयात नकाशे काढायचं काम करायची. तिनं पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. तो गरोदरपणातल्या तपासणीचा अहवाल होता. रक्त ठीक, साखर ठीक, बाळाची वाढ ठीक. सगळ्यात खाली लाल चौकटीत एक ओळ होती: 'गर्भवतीच्या आईला प्रसूतीनंतर तीव्र मनोविकार झाल्याचा इतिहास. आधार: केस स्टडी, श्रीमती ह. खात्री ९७ टक्के.'

विनयाबाईंनी ओळ दोनदा वाचली. श्रीमती ह ही त्यांचीच केस. पंचवीस वर्षांपूर्वी, उमेदीच्या काळात, त्यांनी एका बाळंतिणीवर अठरा पानं लिहिली होती. बाळ पाच आठवड्यांचं असताना त्या बाईला एकाएकी वाटू लागलं, की हे आपलं मूलच नव्हे, कुणीतरी अदलाबदल केलीय. एका दुपारी तिनं ते दुपट्यात गुंडाळून एस.टी. स्टँडच्या बाकावर ठेवलं आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. एका कंडक्टरनं बाळाला उचलून दवाखान्यात नेलं. बाई उपचारांनी तीन महिन्यांत बरी झाली. ही केस सगळीकडे गाजली, पाठ्यपुस्तकात गेली आणि विनयाबाईंचं नाव झालं. ह म्हणजे हळद. केसमधली बाई सांगलीत हळदीच्या गोदामात कामाला होती, नवरा ट्रकवर होता आणि सोडलेलं मूल म्हणजे तिची दुसरी मुलगी.

"माझी आई हळदीच्या गोदामात होती," मैथिली बोटं मोडत म्हणाली. "बाबा ट्रकवर. मी दुसरी. ऑगस्टचा जन्म. पाच आठवड्यांची असताना मला एका कंडक्टरनं सरकारी दवाखान्यात आणलं, अशी जुन्या रजिस्टरात नोंद आहे. मी बघून आले."

"आईला विचारलंस?"

"काय विचारू? मला टाकून दिलं होतंस का, असं?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तीन आठवडे मी तिचा फोन घेतलेला नाही. बाळंतपण माहेरी करायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवलंय. बाळ झाल्यावर मला त्याच्याजवळ एकटीला ठेवायचंही नाही. त्या वाईट नाहीत हो. घाबरल्यात. मीच घाबरलेय. रोज स्वतःकडे बघत बसते, काही बिघडायला लागलंय का म्हणून."

"तुझी आई ती नव्हे," विनयाबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

विनयाबाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

"यंत्र सत्त्याण्णव टक्के म्हणतंय आणि तुम्ही नुसतं 'नव्हे' म्हणताय. लेखी द्या. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, केस लिहिणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दुरुस्ती दिली तरच ही चौकट निघेल."

"मला दोन दिवस दे."

मैथिलीनं कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या. "म्हणजे खरं आहे," ती म्हणाली आणि जाताना दार ओढून घ्यायलाही थांबली नाही.

विनयाबाईंना ती खोटं बोलतेय असं वाटायचा प्रश्नच नव्हता. सांगलीची हळद कामगार श्रीमती ह जगात कधी नव्हतीच, हे एकट्या विनयाबाईंना ठाऊक होतं. खरी बाई सोलापूरची होती.

ओळख लपवण्यासाठी तपशील बदलणं ही त्या काळची मान्य रीत होती. लेखाच्या तळटीपेत तसं छापलेलंही होतं: 'रुग्णाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.' नेमके कोणते, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. मग तीन वर्षांपूर्वी 'पुनर्भेट' ही यंत्रणा आली. हेतू चांगला होता. केस स्टडी म्हणजे एका माणसाचा खोल अभ्यास, पण तो एका वेळेपुरता. पुढं त्या माणसाचं काय झालं, हे बहुधा कळतच नाही. पुनर्भेट जुन्या केस वाचायची आणि त्यांतली माणसं शोधायची. त्यासाठी तिला नाव लागत नसे. प्रत्येक तपशील ही तिच्या लेखी एक चाळणी होती. सांगली म्हटलं की कोट्यवधी माणसं गळून जायची, हळद म्हटलं की लाखो, दुसरी मुलगी आणि ऑगस्ट म्हटलं की मोजकीच उरायची. लसीकरणाच्या नोंदी, दवाखान्यांची रजिस्टरं, शिधापत्रिका, असं सगळं एकमेकांवर ठेवून ती शेवटी एका बाईवर बोट ठेवायची आणि तो निष्कर्ष तिच्या मुलांच्या दवाखान्यातल्या अहवालांत उतरायचा. विनयाबाईंनी एका कल्पित बाईसाठी चाळण्या विणल्या होत्या. त्यांत नेमकी एक खरी बाई अडकली होती.

आणि त्यांनी लेखी दुरुस्ती द्यायची म्हटली, तर खऱ्या चाळण्या यंत्राच्या हाती जाणार होत्या. दहा मिनिटांत सोलापूरच्या बाईचं दार वाजलं असतं.

दुपारी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. देवदत्त कानिटकर त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, एकेकाळचे त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"विनयाताई, जाहीर काही करू नका. त्या मुलीची नोंद मी आतून काढून टाकायला लावतो. तांत्रिक चूक म्हणून. आठवड्यात तिचा अहवाल स्वच्छ होईल. तिला तेवढंच हवंय ना?"

"तेवढंच हवंय."

"मग झालं तर."

विनयाबाईंना हलकं वाटायला हवं होतं. त्या आपल्या खोलीत आल्या, चहा मागवला, पेपर पुढं ओढले, आणि पाचच मिनिटांत उठून येरझारा घालू लागल्या. दुसरी मुलगी. हे शब्द डोक्यातून जाईनात. तपशील बदलताना त्यांनी गाव बदललं, काम बदललं आणि मूलही बदललं होतं. सोलापूरच्या बाईनं सोडलेला तिचा पहिला मुलगा होता, तोही फार वाट बघून झालेला. मुलगा होता असं लिहिलं असतं तर स्टँडवर बाळ सापडल्याची तिथल्या वर्तमानपत्रातली बातमी कुणालाही आठवली असती. शिवाय दुसऱ्या मुलीला सोडलेली आई वाचकाला पटकन पटते. तेव्हा त्यांना हे चातुर्य वाटलं होतं.

वर्गात त्या दरवर्षी सांगत, की हजार लोकांची पाहणी किती हे सांगते आणि एका माणसाचा अभ्यास कसं हे सांगतो. एका केसवरून आकडा काढायचा नसतो, पण कुठं बघायचं ते तिच्यावरून कळतं. सगळ्यांनी त्यांचं ऐकलं होतं आणि त्यांनी दाखवलं तिथंच पाहिलं होतं. नकोशी मुलगी, घरातले टोमणे, ताण. त्यावर पुढची संशोधनं उभी राहिली आणि त्यांतून बाळंतिणींच्या तपासणीची प्रश्नावली तयार झाली. ती आता तीस जिल्ह्यांत वापरली जात होती.

त्यांनी संगणकावर मागच्या वर्षाच्या नोंदी काढल्या. प्रश्नावलीनं 'धोका नाही' असं सांगितलेल्या आणि तरीही नंतर आजारी पडलेल्या बाळंतिणी. अकरा निघाल्या. नऊजणींचं पहिलं मूल होतं. सात मुलगे. एकीच्या नोंदीत गावच्या आशा सेविकेनं शेरा मारला होता: 'घरात खूप आनंद आहे, पुन्हा भेटीची गरज नाही.'

त्या उठल्या आणि सोलापूरच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं.

नागमणी येमूल सोलापूरच्या पूर्व भागात राहत होती. खाली मुलाचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना, वर घर. विनयाबाईंनी पत्ता शोधला नव्हता. पंचवीस वर्षं तो त्यांच्या वहीत होता, आणि जायचं मात्र त्यांनी कटाक्षानं टाळलं होतं. नागमणी आता सत्तेचाळिशीची, अंगानं भरलेली. ती दारातच क्षणभर टक लावून बघत राहिली.

"डॉक्टरबाई, तुम्हीच की ओ! केस पांढरे झाले की तुमचे. बसा की, उभ्या का?"

तिनं पाणी दिलं, खाली हाक मारली, "श्रीहरी, वर ये बघू, कोण आलंय." पंचवीस वर्षांचा उंच मुलगा मापाची पट्टी गळ्यात घेऊनच वर आला. विनयाबाईंनी नागमणीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आपण एकट्या बोलूया का? विषय जरा..."

"स्टँडचा विषय ना? त्याला माहितीय की. बारा वर्षांचा होता तेव्हाच सांगितलं मी. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपण सांगितलेलं बरं."

"आई रागावली की मीच म्हणतो, परत नेऊन ठेव बाकावर," श्रीहरी हसून म्हणाला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

पंचवीस वर्षं विनयाबाईंनी जे जिवापाड जपलं होतं, ते ह्या घरात थट्टेचा विषय झालं होतं. त्यांनी बॅगेतून लेखाची प्रत काढली आणि सांगायला सुरुवात केली. सांगली, हळद, ट्रक. नागमणी मान डोलवत ऐकत होती. मध्येच ती हसलीही, "हळद होय, बरंय." मग विनयाबाई दुसऱ्या मुलीपर्यंत आल्या.

नागमणीचं हसू गेलं.

"पोरगी झाली म्हणून सोडली, असं लिहिलंत तुम्ही?"

"लोकांनी तसा अर्थ काढला."

"तुम्ही लिहिलंत म्हणूनच काढला ना ओ? मला तीन वर्षं दिवस जात नव्हते. किती दवाखाने केले. हा झाला तेव्हा मी दोन दिवस झोपले नाही, नुसती बघत बसले याच्याकडे. आणि तुम्ही मला नकोशी म्हणून पोर टाकणारी केलीत? डोकं फिरलं होतं, त्याची लाज मी कधी धरली नाही. आजार होता तो. पण हे? हे मी कधी केलं?"

"तुमचं नाव त्यात नव्हतं, नागमणी."

"नाव नव्हतं, पण मी होते की."

श्रीहरीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला.

"आणि वासाचं? ते लिहिलंय का?"

विनयाबाईंनी लेखाची प्रत मिटली.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही वहीत उतरून घेत होता." ती मुलाकडे वळली. "तेव्हा मी विड्या वळायची. दिवसभर मांडीवर तंबाखूचं सूप. एक दिवस मला तंबाखूचा वासच येईना. शेजारणी हसल्या, म्हणाल्या, सवयीनं झालं असेल. मग आठ दिवसांनी तुला जवळ घेतलं, डोक्याचा वास घेतला, काहीच नाही. भिंतीचा वास घ्यावा तसं. तोंड तेच, रडणं तेच, पण मला वाटलं, हा तो नव्हे. माझं पोर असतं तर वास आला असता. तिथून सगळं फिरलं." ती पुन्हा विनयाबाईंकडे वळली. "ते कुठं गेलं डॉक्टरबाई?"

"मी काढून टाकलं. तंबाखू लिहिली असती तर विडी कामगार आहे हे कळलं असतं. आणि वास... मला तेव्हा तो महत्त्वाचा वाटला नाही."

बोलता बोलता विनयाबाईंच्या ध्यानात आलं. आठ दिवस. आजार उघड व्हायच्या आठ दिवस आधी ह्या बाईच्या मेंदूनं खूण दिली होती. वास आणि ओळख यांचे मेंदूतले रस्ते जवळजवळच्या भागांतून जातात, हे त्या विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. अठरा पानांत खरोखर नवं असं काही होतं, तर ते एवढंच. त्यांनी ते स्वतःच्या हातानं खोडलं होतं. ते कुठंच नोंदलेलं नसल्यामुळे पुनर्भेटसारख्या कितीही यंत्रणा आल्या, तरी त्यांना ते सापडणार नव्हतं.

त्यांनी मैथिलीबद्दल सांगितलं. त्या अकराजणींबद्दल सांगितलं. खरी केस छापली, तर तुमचं नाव बाहेर येईल, हेही सांगितलं. "तुमची परवानगी असेल तरच. नसेल तर मी आत्ता उठून जाते."

"छापा," नागमणी लगेच म्हणाली. "नाव घालून छापा."

"आई, थांब जरा." श्रीहरी उठून उभा राहिला. "पद्मजाच्या घरी हे माहीत नाही."

पद्मजा त्याची ठरलेली बायको. लग्न पुढच्या महिन्यात होतं.

"तू तिला सांगितलं नाहीस?"

तो फोन घेऊन जिना उतरून गेला. खालून शिलाई मशिनींची घरघर येत राहिली. नागमणीनं शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आणून पुढं ठेवली. तासाभरानं श्रीहरी वर आला. डोळे लाल होते.

"सांगितलं तिला. घरी बोलून सांगते म्हणाली." तो आईजवळ बसला. "छापा तुम्ही. ती मुलगी तिकडं घाबरून बसलीय, आणि मी माझ्या लग्नासाठी थांबा म्हणणं बरं दिसत नाही."

विनयाबाईंनी नवी वही काढली. संध्याकाळपर्यंत नागमणी बोलत होती आणि त्या लिहीत होत्या. मध्येच नागमणी थांबवायची, "काय लिहिलंत ते वाचून दाखवा," आणि त्या वाचून दाखवायच्या.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून त्या थेट सांगलीला गेल्या. मैथिलीला त्यांनी स्टँडवर बोलावून घेतलं होतं. रिक्षात त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण विश्वास ठेवावा की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"मग कंडक्टर? ती नोंद तर खरी आहे ना?"

"ते मला माहीत नाही. तुझ्या आईलाच ठाऊक."

उर्मिला सुतार अंगणात वाळवण गोळा करत होत्या. लेकीला बघून त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "अगं, किती दिवस... फोन का उचलत नाहीस? काय चुकलं माझं?" मागून आलेल्या अनोळखी बाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मैथिली दारातच उभी राहून म्हणाली, "आई, मी पाच आठवड्यांची असताना मला कंडक्टरनं दवाखान्यात का नेलं?"

"तुला नाही गं, मला नेलं! तुला घेऊन आजीकडं निघाले होते. अंगात रक्त नव्हतं, स्टँडवर चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पडतानासुद्धा पोर सोडली नाही बाईनं, हातातून काढून घ्यावी लागली. कंडक्टर बिचारा तुला घेऊन पुढं पळाला, म्हणून तुझं नाव आधी लिहिलं असेल." त्या गोंधळून दोघींकडे बघू लागल्या. "का गं? कोण काय म्हणालं?"

मैथिलीनं पायरीवरच बसकण मारली आणि पदर नसल्यामुळे ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. विनयाबाईंनी उर्मिलाबाईंना हात जोडले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. आपली चूक कुठं झाली, तेही सांगितलं. ऐकून झाल्यावर उर्मिलाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्या लेकीजवळ जाऊन बसल्या. "तीन आठवडे हे मनात घेऊन फिरत होतीस? मला एकदा विचारायचंस तरी." थोड्या वेळानं त्या उठल्या आणि आत चहा ठेवला. तीन कप ठेवला, हे विनयाबाईंच्या लक्षात आलं.

दुरुस्ती छापून आली तेव्हा व्हायचं ते सगळं झालं. मूळ लेख मागे घेतला गेला, पाठ्यपुस्तकातलं प्रकरण गळालं, आणि कानिटकरांनी मान वर न करता विनयाबाईंचा राजीनामा स्वीकारला. वर्तमानपत्रांनी 'बनावट केस' असे मथळे दिले. पूर्ण बरोबर नव्हते, पूर्ण चूकही नव्हते. मैथिलीच्या अहवालातली लाल चौकट निघाली आणि तिचं बाळंतपण माहेरीच झालं. पद्मजाच्या घरून दोन वडीलधारी माणसं नागमणीकडे चौकशीला आली. तिनं त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. लग्न दोन महिने पुढं गेलं, मग झालं. एक काका आला नाही.

प्रश्नावलीतून 'दुसरी मुलगी' या मुद्द्याला दिलेलं वजन काढायला समितीला वर्ष लागलं. वासाचा प्रश्न घालायला मात्र समिती तयार नव्हती. एका बाईच्या आठवणीवरून तीस जिल्ह्यांचा कागद बदलता येणार नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. मग विनयाबाईंनी घरी बसून ओळखीच्या आरोग्यसेविकांना फोन लावायला सुरुवात केली. एवढा एक प्रश्न जास्तीचा विचारा, म्हणून. बऱ्याचजणी हो म्हणाल्या. विचारणाऱ्या थोड्या निघाल्या.

सात महिन्यांनी, एका दुपारी, औशाजवळच्या एका गावातून शबाना तांबोळी नावाच्या आरोग्यसेविकेचा फोन आला. ती घाईघाईनं बोलत होती.

"मॅडम, एक बाळंतीण आहे. पहिलाच मुलगा, घरात सगळे खूष. कागदावर काहीच धोका नाही. पण मी तुमचा तो प्रश्न विचारला, तर म्हणाली, चार दिवस झाले, फोडणीचा वास येत नाही, आणि बाळाचाही येत नाही. सर्दी नाही काही. मी घरच्यांना सांगून आजच तिला मोठ्या दवाखान्यात दाखवतेय. बाळापाशी सासू आहे. पण मॅडम, ही एकच आहे. एकीवरून काय म्हणणार?"

विनयाबाई उभ्याच राहिल्या होत्या. खुर्ची मागे होती, पण बसायचं त्यांना सुचलं नाही.

"काही म्हणू नकोस. आधी तिला विचार, लिहिलेलं चालेल का. हो म्हणाली तर तिच्याच शब्दांत लिही. फोडणी म्हणाली असेल तर फोडणीच लिही. आणि लिहून झालं की तिला वाचून दाखव."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर लिहू नकोस. पण दवाखान्यात तिच्याबरोबर तू थांब. मी निघतेय."

त्यांनी फोन ठेवला आणि औशाला जाणारी गाडी किती वाजता आहे, ते बघायला लागल्या.